वाणात गेलेली मालगाडी

गेल्या संक्रांतीला माझ्या आईने एका इंग्रज गृहस्थाची अख्खी मालगाडी अमेरिकेतल्या बेलव्ह्यूमधल्या वीस सुवासिनींना वाटून टाकली.

यात आईची काहीही चूक नव्हती, हे मी आधीच सांगून टाकतो. आमच्या घरात हा विषय निघाला की अजूनही सगळ्या माना माझ्याकडे वळतात, तेव्हा लपवण्यासारखं काही उरलेलंही नाही.

मी मूळचा भुसावळचा. बाबा मालगाडीचे गार्ड होते. अडतीस वर्षं त्यांनी गाडीच्या शेवटच्या डब्यात, म्हणजे ब्रेकव्हॅनमध्ये बसून देश पाहिला, तोही उलटा, मागे पडत जाणारा. आमच्या क्वार्टरच्या मागे यार्ड होतं आणि यार्डाच्या कडेला इंग्रजांच्या काळातल्या जुन्या वाघिणी गंजत उभ्या असायच्या. (मालगाडीच्या डब्याला वाघीण म्हणतात. मानसीला, म्हणजे माझ्या बायकोला, हे लग्नानंतर कळलं, आणि "बाहेर किती वाघिणी आहेत?" असं तिने मला पहिल्यांदा विचारलं तेव्हा तिचा सूर अजून प्रेमळ होता.) त्या वाघिणींत आम्ही लपाछपी खेळायचो. पुढे मी इथे येऊन सॉफ्टवेअर लिहू लागलो. बरोबरीचे मित्र गोल्फ शिकले, ट्रेकला जाऊ लागले. मी जुन्या ब्रिटिश मालगाड्यांची छोटी मॉडेलं जमवू लागलो. कोळशाच्या उघड्या वाघिणी, गुरांच्या, मिठाच्या, केळ्यांच्या बंद वाघिणी! केळ्यांची वाघीण हातात आली त्या दिवशी तर भुसावळच्या माणसाचे डोळे भरून आले.

मानसीचे डोळेही भरून आले, पण ते पाहुण्यांच्या खोलीत पलंगाऐवजी रूळ दिसले म्हणून. मानसी एका कंपनीत रिस्क मॅनेजमेंटचं काम करते आणि घरातली सगळ्यात मोठी रिस्क कोण, हे तिने केव्हाच ठरवलेलं आहे. "विवेक, यापुढे या घरात एकही नवीन चाक येणार नाही," ती म्हणाली. मी शपथ घेतली. लॅपटॉपवर हात ठेवून घेतली.

ती शपथ मी दोन वर्षं पाळली. मग वॉल्टरने मला गाठलं.

आमच्या मॉडेलवाल्यांचा एक क्लब आहे. आठ निवृत्त गोरे गृहस्थ आणि एक मी. महिन्यातून एकदा जमून आम्ही ब्रेकच्या दांड्याची लांबी या विषयावर तावातावाने भांडतो. वॉल्टर त्यातला सर्वांत वडील. मूळचा यॉर्कशरचा, वय ऐंशीच्या पुढे, एका हातात काठी. डिसेंबरात तो म्हणाला, "मी फेब्रुवारीत मुलीकडे ॲरिझोनाला चाललोय, कायमचा. घरात सगळी बांधाबांध चालू आहे. माझी गाडी तेवढी तुझ्याकडे ठेव. आपल्या क्लबच्या ओपन डेला ती एकदा सगळ्यांसमोर धावू दे, मग मी घेऊन जाईन."

ही गाडी साधी नव्हती. महायुद्ध संपल्यावर वॉल्टरच्या वडिलांनी ती घरच्या घरी केली होती, सिगारच्या पेट्यांचं लाकूड आणि बिस्किटांच्या डब्यांचा पत्रा वापरून. एकवीस डबे. प्रत्येक डबा हाताच्या पंजावर बसेल एवढा. कोळशाच्या वाघिणींवर खाणवाल्यांची नावं पांढऱ्या अक्षरांत हाताने रंगवलेली. वॉल्टर म्हणाला, "वडिलांची आणखी कुठलीही वस्तू माझ्याकडे उरलेली नाही." असं म्हटल्यावर कोण नाही म्हणेल?

घरी येईपर्यंत मला चौऱ्याऐंशी चाकं मोजून झाली होती, आणि शपथ तर एकही चाक न आणण्याची होती.

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? बायकोला खरं सांगितलं असतं. मी इंजिनीअर असल्यामुळे यावर सोल्युशन शोधलं. गॅरेजमध्ये खोक्यांची एक भिंत आहे. त्यात मानसीच्या अक्षरात 'हळदीकुंकू – वाण' लिहिलेलं एक खोकं होतं. मी विचार केला, हे खोकं वर्षातून एकदाच उघडतं. म्हणजे तीनशे चौसष्ट दिवस सुरक्षित! त्यातल्या स्टीलच्या चोवीस डब्या मी शेजारच्या 'टॅक्स' लिहिलेल्या खोक्यात सरकवल्या, कारण ते एप्रिलपर्यंत कोणी उघडत नाही, आणि वॉल्टरची गाडी मऊ कागदात गुंडाळून वाणाच्या खोक्यात ठेवली. इतकं डोकं लावल्यावर तो एक दिवस जानेवारीत येतो हे आठवायला डोकं शिल्लक राहिलं नाही.

जानेवारीत आई-बाबा भुसावळहून आले. आल्या आल्या आईने देव्हाऱ्याची पाहणी केली आणि मला विचारलं, "रोज नमस्कार तरी करतोस ना रे देवाला?"

"करतो ना! रोज लॉगिन करायच्या आधी," मी म्हणालो. (ही थाप लक्षात ठेवा. मी विसरलो होतो.)

संक्रांतीनंतरच्या शनिवारी हळदीकुंकू ठरलं. "चार ते सात घरात एकही पुरुष दिसता कामा नये," असा हुकूम निघाला आणि मी बाबांना घेऊन मॉलमध्ये गेलो. तिथे बाबांनी सरकत्या जिन्याच्या वेळा तपासल्या आणि आम्ही दोन-दोन कॉफ्या प्यायलो. घरी मानसी मटारची उसळ आणि मसाला दूध बघत होती. वाणाचं काम तिने आईकडे दिलं होतं. "आई, गॅरेजमध्ये खोकं आहे, मी नाव घातलंय त्याच्यावर," एवढंच ती म्हणाली होती. आत काय आहे हे आईने विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही.

सव्वासातला आम्ही परतलो. रिमझिम चालू होती. ड्राइव्हवेमध्ये शुभांगी गाडीची किल्ली शोधत होती. ही आमच्या पलीकडच्या गल्लीत राहते, मूळची नागपूरची, मानसीची खास मैत्रीण. किल्ली शोधायला हात मोकळा हवा म्हणून तिने हातातली वस्तू गाडीच्या टपावर ठेवली होती. मी बघितलं. टपावर पावसात वॉल्टरची कोळशाची वाघीण उभी होती. आत दोन तिळाचे लाडू होते.

"विवेक!" शुभांगी ओरडली. "काय युनिक वाण आहे यार! ट्रेन! मी आजपर्यंत चहाची गाळणी, कंगवा, डस्टबिन सगळं पाहिलं वाणात. पण हे एकदम क्लास! आणि काकूंनी त्याची स्टोरी सांगितली ना, आम्ही सगळ्या रडलो!"

"कसली स्टोरी?" मी विचारलं.

"अरे, तू बाबांसाठी हे स्पेशल करून घेतलंस ते! सो स्वीट!"

ती गेली. वाघीणही गेली.

आत आई पाटावर बसली होती आणि तिच्यासमोर रिकामं खोकं होतं. तिचा चेहरा नुसता उजळला होता. "विवेक, बोलला नाहीस हो एका शब्दाने! खोकं उघडलं आणि बघते तर काय, गाडी! मी ओळखलं लगेच. वडिलांनी जन्मभर मालगाडी चालवली, त्याचा मान म्हणून मुलाने वाण केलंय. सगळ्यांना सांगितलं मी. आणि मोजूनही बरोब्बर आणलेस बघ!" मग जरा दटावून म्हणाली, "उघड्या वाघिणीत माल तसाच भरत नाहीत, एवढं मात्र तुला ठाऊक नाही. मी प्रत्येक लाडू आधी प्लास्टिकमध्ये गुंडाळला. गार्डाची बायको आहे मी."

स्वयंपाकघराच्या दारात मानसी हाताची घडी घालून उभी होती. मी तिला बाजूला घेतलं.

"तू बघितलंस?"

"चौथी बाई निघाली तेव्हा बघितलं."

"मग थांबवलं का नाहीस?"

"का थांबवू? एकही चाक आणणार नाही म्हणाला होतास. देव आहे म्हटलं, आणि तो आपल्या सोसायटीतच राहतो."

"मानसी, ते डबे माझे नाहीत. वॉल्टरचे आहेत. त्याच्या वडिलांनी केलेले."

तिच्या हाताची घडी सुटली. "मग मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हाताऱ्या माणसाच्या वडिलांची आठवण आणि मी नाही म्हणाले असते? मी हॉलमध्ये काचेच्या कपाटात ठेवली असती!" (हे वाक्य मी आजवर एकोणीस वेळा ऐकलंय.) "आणि माझ्या स्टीलच्या डब्या कुठायत?"

"टॅक्सच्या खोक्यात."

"आणि टॅक्सचे कागद?"

ते मी अजून शोधतोय.

बाबांपासून मात्र काही लपत नाही. जेवणं झाल्यावर ते गॅरेजमध्ये आले, रिकाम्या खोक्यातला मऊ कागद दोन बोटांत धरून म्हणाले, "डबे हातचे होते. जुने होते. माल कोणाचा?"

मी सांगितलं.

"पाठवणारा वॉल्टर, घेणारा वॉल्टर, आणि मध्येच तुझ्या आईने वीस स्टेशनांवर उतरवला," बाबा म्हणाले. "ओपन डे कधी?"

"तीन आठवड्यांनी."

"आईला कळता कामा नये. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा तुझं कौतुक करतेय."

सोमवारपासून मी मोहिमेवर निघालो. पहिल्यांदा शुभांगीकडे. वाघीण तिच्या आरशापुढे होती आणि तिच्यात केसांच्या क्लिपा भरलेल्या होत्या. "शुभांगी, हा डबा जरा घेऊन जाऊ? एक चाक नीट बसवून देतो."

"नको रे, छान फिरतंय. आणि वाण कोणी परत देतं का? काकूंना किती वाईट वाटेल!"

तिथून देशपांडे काकूंकडे. काकू सत्तरीच्या, मुलाकडे राहणाऱ्या, कांदाही न खाणाऱ्या. त्यांनी आपला डबा देव्हाऱ्यात कुंकू ठेवायला घेतला होता. बंद वाघीण, बाजूला पांढऱ्या अक्षरांत मोठं नाव. काकूंना चष्म्याशिवाय दिसत नाही म्हणून त्यांनी मला कौतुकाने विचारलं, "यावर काय लिहिलंय रे?" त्यावर 'फिश' लिहिलं होतं. माशांची वाघीण होती ती! मी म्हणालो, "कंपनीचं नाव आहे, काकू." त्या म्हणाल्या, "चांगली कंपनी दिसते." मी नमस्कार करून बाहेर पडलो.

आठवडा गेला आणि एकही डबा हाती लागला नाही. मालकीण बदलली की वस्तूची किंमत वाढते म्हणतात ते खोटं नाही. वाणाला तर हातच लावता येत नाही. आणि मग मला ती कल्पना सुचली. ऑफिसात काही बिघडलं की आम्ही रिकॉलचा, म्हणजे चुकलेलं परत मागवायचा, मेल टाकतो. मी हळदीकुंकवाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मानसीच्या फोनवरून टाकलं: 'अर्जंट. वाणातल्या डब्यांचा रंग जुना असून त्यात शिसं असण्याची शक्यता आहे. कृपया डबे हाताळू नका, आम्ही येऊन कलेक्ट करू. सॉरी फॉर द इनकन्व्हिनियन्स.' शिशाबद्दल मला काडीचीही माहिती नव्हती. ऐकायला भारी वाटलं म्हणून घातलं.

पहिलं उत्तर अकरा सेकंदांत आलं: 'आपण त्यातले लाडू खाल्ले ना!!!'

मग ग्रुप पेटला. एकीने मुलांच्या डॉक्टरांना फोन लावला. दुसरी विषबाधेच्या हेल्पलाइनवर होल्डवर होती आणि होल्डवर असल्याची बातमी दर मिनिटाला ग्रुपवर देत होती. तिसरीने वाघीण ओव्हनच्या हातमोज्यांनी उचलून गाडीच्या डिकीत टाकली आणि गाडी रस्त्याच्या पलीकडे नेऊन लावली. एकीला आठवलं की तिचा नवरा त्या दिवसापासून विचित्र वागतोय. मग तिलाच आठवलं की तो आधीपासून तसाच आहे.

बाबांनी माझ्या खांद्यावरून फोनमध्ये डोकावलं. "धुक्यात गाडी थांबवायची असली की आम्ही रुळावर एक फटाका ठेवायचो," ते म्हणाले. "एक! तू कोठारच पेटवलंस."

हे सगळं निभलं असतं. पण शुभांगीने काळजीपोटी आईलाच व्हिडिओ कॉल लावला. "काकू, अजिबात टेन्शन घेऊ नका हं, पण लाडवांचं प्लास्टिक नीट बंद होतं ना, गूळ डब्याला लागला नसेल ना? सगळ्या विचारतायत म्हणून."

मी धावत बाहेर आलो तेव्हा आई जिन्याच्या पायरीवर बसली होती. फोन मांडीवर पडला होता. "विवेक," ती म्हणाली, "वीस घरच्या लेकी आल्या होत्या रे माझ्याकडे. मी त्यांना विष दिलं?"

मला स्वतःची लाज वाटली. गंमत म्हणून लिहायला बसलोय खरा, पण तेव्हा जे वाटलं ती लाजच होती, दुसरं काही नाही. मी खालच्या पायरीवर बसलो आणि सगळं सांगितलं.

"रंगात शिसं-बिसं काही नाही, आई. मी थाप मारली. डबे परत हवे होते. ते माझे नाहीतच. वॉल्टर म्हणून एक म्हातारा आहे, त्याच्या वडिलांनी केलेले आहेत. मानसीपासून लपवायला मी वाणाच्या खोक्यात ठेवले होते."

मला वाटलं आता शिशावरून ऐकावं लागणार. पण ती म्हणाली, "म्हणजे बाबांसाठी नव्हते आणलेस."

मी तिच्याजवळ सरकलो. "हे डबे नव्हते आणले. पण बाकी सगळं त्यांच्यासाठीच आहे ना, आई. शाळेतून आल्यावर तू भाकरी बांधून द्यायचीस आणि मी यार्डात घेऊन जायचो. ब्रेकव्हॅनच्या पायरीवर बसून बाबा त्यातली अर्धी मला द्यायचे. ती पायरी मला इथे कुठे सापडणार? म्हणून ही खेळणी जमवतो."

सोफ्यावर वर्तमानपत्रामागून आवाज आला. "अर्धी नाही. पाऊण."

आईने पदराने डोळे पुसले आणि क्षणात तिच्या अंगात भुसावळ संचारलं. "हे आधी बोलायला तोंड शिवलं होतं का? दे इकडे तो फोन. वाण परत मागायचं नसतं. पण रथसप्तमी व्हायचीय अजून. परत बोलाव सगळ्यांना."

आणि तिने ग्रुपवर आपल्या आवाजात निरोप टाकला. "मुलींनो, मी विवेकची आई. रंगात काही नाही, आमच्या दिवट्याने थाप मारली. ती गाडी एका म्हाताऱ्या माणसाची आहे, त्याच्या वडिलांनी आपल्या हाताने केलेली. ती त्याला पोचवायची आहे. रविवारी दुपारी परत हळदीकुंकवाला या, नवीन वाण न्या, आणि येताना आपापला डबा आणा. आपल्यात कोणाचा डबा रिकामा परत देत नाहीत, हे मी सांगायला नको."

मी आठ दिवस घरोघर हिंडून एक डबा मिळवू शकलो नव्हतो. तिला चार मिनिटांत वीस अंगठे आले.

रविवारी दुपारी वॉल्टरची गाडी परत आली, आणि काय भरून आली! चिवडा, शंकरपाळे, डिंकाचे लाडू, मेतकूट, घरच्या झाडाची लिंबं, सगळं नीट पिशव्यांत बांधून, कारण शिशाची भीती कोणाच्याच मनातून पुरती गेली नव्हती. शुभांगीने कोळशाच्या वाघिणीत काळे मनुके भरले होते. "कोल आहे रे, लोडेड!" देशपांडे काकूंना मधल्या काळात चष्मा सापडला होता. त्यांनी माशांच्या वाघिणीतून साबुदाणा आणला होता, आणि नावावर चिकटपट्टी लावली होती. माझ्याशी त्या बोलल्या नाहीत. सगळ्यांना स्टीलच्या डब्या मिळाल्या. ("टॅक्सचे कागद नाहीत ना त्यात?" मानसीने मोठ्याने विचारलं. सगळ्या हसल्या.)

बाबांनी जेवणाच्या टेबलावर डबे ओळीने लावून मोजले. "वीस. गाडी पूर्ण."

"बाबा, एकवीस! ब्रेकव्हॅन कुठाय?"

"ब्रेकव्हॅन मालाच्या डब्यांत धरत नाहीत. वीस अधिक एक."

"तो एक कुठाय?"

"जागेवर," बाबा म्हणाले आणि वामकुक्षीला गेले. मला वाटलं वयोमानाने तत्त्वज्ञान सुचतंय.

पुढचे पाच दिवस मी काय केलं ते थोडक्यात सांगतो. वीस जणींना वीस फोन केले. एकविसावी कोणी आली होती का, याचा तपास केला. गॅरेज रिकामं करून परत भरलं. शुभांगीच्या गाडीच्या सीटखाली हात घालून तिच्या मुलांची तीन वर्षांपूर्वीची द्राक्षं काढली. ब्रेकव्हॅन नाही. आणि शेवटचा डबा नाही ती गाडी तुटलेली समजतात. गार्डाच्या मुलाला हे कोणी सांगावं लागत नाही. वॉल्टर कदाचित आयुष्यात शेवटचं आपल्या वडिलांची गाडी धावताना बघणार, आणि मी त्याला मागून तुटलेली गाडी दाखवणार होतो.

शुक्रवारी सकाळी उपाय संपले. मी आंघोळ केली, देव्हाऱ्यापुढे उभा राहिलो, हात जोडले आणि डोळे घट्ट मिटून म्हणालो, "देवा, एवढी ब्रेकव्हॅन सापडू दे."

मागून आई म्हणाली, "डोळे उघडून बघ तरी."

उघडले. गणपती आणि अन्नपूर्णेच्या मध्ये, वीतभर अंतरावर, हळदीकुंकू लावलेली वॉल्टरची ब्रेकव्हॅन उभी होती. आत एक सुपारी आणि तिळाचा लाडू.

"पहिलं वाण देवाचं असतं," आई म्हणाली. "गाडीत गार्डाची जागा मोठी, म्हणून तीच ठेवली. तीन आठवडे इथेच आहे. मला वाटलं तू बघतोसच. रोज लॉगिन करायच्या आधी नमस्कार करतोस ना?"

बाबा नुकतीच पूजा आटपून तिथेच उभे होते. "म्हटलं होतं ना, जागेवर आहे," ते म्हणाले.

ओपन डेला आम्ही सगळेच शेजारच्या रेडमंड गावातल्या हॉलमध्ये गेलो. शुभांगी मुलांना घेऊन आली. वॉल्टर काठी टेकत आला आणि रुळावरची गाडी बघून थबकला. कोळशाच्या वाघिणींत मनुके, त्यांच्यामागे चिवडा, मग लिंबं. आईने काही उतरवूच दिलं नव्हतं. "भरलेली गाडी रिकामी कशाला धाडायची?" असं तिचं म्हणणं. वॉल्टर एकेक डबा बघत शेवटी आला, ब्रेकव्हॅनपाशी वाकला आणि तसाच राहिला. मागच्या बाजूला कुंकवाचा लाल ठिपका होता. मी पुसायला रुमाल काढला.

"टेल लॅम्प," तो हळूच म्हणाला. "शेवटच्या डब्याचा लाल दिवा. मी नऊ वर्षांचा असताना माझ्या हातून पडून हरवला. वडील म्हणायचे, नवीन करून देतो. राहूनच गेलं." त्याने माझा हात धरला. "तू कसं ओळखलंस?"

मी आईकडे बोट दाखवलं. एवढी एकच गोष्ट त्या सगळ्या प्रकरणात मी बरोबर केली.

बाबांनी खिशातून भुसावळची शिट्टी काढली आणि अशी फुंकली की शेजारच्या लायब्ररीतले लोक उठून बाहेर आले. "ऑल राइट!" बाबा म्हणाले. "राइट अवे!" वॉल्टर इंग्लंडच्या गार्डांच्या भाषेत म्हणाला. दोघांना एकमेकांचं आणखी एकही अक्षर कळत नव्हतं, आणि गरजही पडली नाही. वॉल्टरच्या वडिलांची मालगाडी वीस अधिक एक डब्यांनिशी, माल भरून, हळूहळू निघाली. मी बाबांकडे बघितलं. ते बघत होते फक्त शेवटचा डबा.

गाडी एक फेरी मारून आली तेव्हा शुभांगीच्या धाकटीने मनुक्यांच्या वाघिणीकडे हात नेला. वॉल्टर एकदम पुढे झाला.

"नको नको, बाळ, डब्याला हात लावून तोंडात घालू नकोस! माझे वडील कारखान्यातून रंग आणायचे. त्या काळात शिशाशिवाय रंग कुठे मिळायचा? भरपूर शिसं आहे यात!" हे त्याने मोठ्या अभिमानाने सांगितलं.

शुभांगी सावकाश माझ्याकडे वळली. मानसी वळली. आईने मात्र पुढे होऊन मनुक्यांची बांधलेली पिशवी वॉल्टरला उचलून दाखवली. "उघड्या वाघिणीत माल तसाच भरत नाहीत," ती मराठीतच म्हणाली, आणि त्याला कळलं.

"विवेक," मानसी म्हणाली, "आता ग्रुपवर काय टाकणार आहेस?"

मी फोन काढला. थाप मारली होती असं मी कबूल केलं होतं, ते आता मागे घ्यायचं होतं. जन्मात एकदाच इतकी मेहनत घेऊन थाप मारली, आणि मेली तीसुद्धा खरी निघाली!